हौदातल्या बातम्या

पाण्याचा दिवस होता, म्हणून शिवलीला सकाळपासून गच्चीवरच्या टाकीपाशी होती. टाकी भरत आली की खाली हाक मारून नवऱ्याला, प्रभुलिंगला, मोटर बंद करायला सांगायचं, आणि तोवर जिन्याच्या वरच्या पायरीवर सावलीत बसून फोनवरच्या ग्रुपच्या समेट समितीकडे आलेल्या तक्रारी वाचायच्या, असा तिचा निवृत्तीनंतरचा शिरस्ता झाला होता. त्या दिवशी एकच तक्रार होती. विषय, मृत व्यक्तीच्या नावाने लेखन. तक्रारदार तौहीद बागवान. त्यानं लिहिलं होतं, माझी बहीण गेल्या रमजानमध्ये वारली, तरी तिच्या नावाचं खातं ग्रुपवर अजून लिहितंय. लोक तिला ताई म्हणताहेत आणि ती उत्तरं देतेय. हे थांबवा. खाली पुरावा म्हणून त्या खात्याची एक पोस्ट जोडली होती. वर नाव होतं, अजीजा मुजावर. ते वाचून शिवलीलाला काहीच वाटलं नाही, सोलापुरात अजीजा आणि बागवान काय कमी आहेत? तिनं चष्मा नीट केला आणि वाचायला लागली. 'उन्हाळ्यात आमच्या चाळीच्या गच्चीवरचा हौद कोरडा पडायचा. मी आणि माझी मैत्रीण दुपारी त्यात उतरायचो. आत बोललं की आवाज गोल फिरून परत यायचा. आम्ही म्हणायचो, हे आपलं रेडिओ स्टेशन हाय. मी बातम्या द्यायची, ती त्याच बातम्या कन्नडमध्ये सांगायची.' टाकी भरली. पाणी काठावरून गच्चीवर आलं, फरशीवरची धूळ गोळा करत तिच्या पावलांखालून पन्हाळीकडे गेलं. "अगं टाकी! पाणी वाया चाललंय की!" प्रभुलिंग खालून ओरडला. तिला ऐकू आलं, पण ते कुणाला तरी दुसऱ्याला सांगितल्यासारखं. त्या हौदातलं रेडिओ स्टेशन जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यांतली एक ती स्वतः, पायरीवर ओल्या पायांनी बसलेली. आणि दुसरी गेल्या रमजानमध्ये गेली, हे दोन ओळी आधीच तिनं वाचलं होतं, एका अनोळखी बाईबद्दल वाचावं तसं. आधी मरण कळलं आणि मग माणूस.

दुपारी ती जेवली, भांडी आवरली, आडवी झाली. डोळे मिटले की सिमेंटचा वास यायचा. तापलेल्या, कोरड्या सिमेंटचा, त्यात शेवाळ वाळून चिकटलेलं त्याचा एक मातकट आंबूस वास. चाळ स्टेशनजवळ होती, दुमजली. शिवलीलाचे वडील रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, अजीजाचे अब्बा गिरणीत जॉबर, पंधरा-वीस मागवाल्यांवर देखरेख करणारे. हौदात उतरायला लोखंडी कड्या होत्या, त्या दुपारी इतक्या तापायच्या की अजीजा ओढणी हाताला गुंडाळून आधी उतरायची आणि मग ती ओढणी वर फेकायची. आत उतरलं की ती भिंतीला पाठ लावून मांडी घालायची, घसा साफ करायची आणि एकदम मोठी व्हायची. आजच्या ठळक बातम्या. गिरिजाबाईंची मांजर कोळशाच्या पोत्यात व्याली. तळमजल्यावरच्या सोमशेखरनं शाळेत मार खाल्ला, पण घरी पडलो म्हणून सांगितलं. हवामान, गच्चीवर घातलेले पापड संध्याकाळपर्यंत वाळतील, कावळ्यांपासून सावध राहावं. मग ती हनुवटीनं खूण करायची आणि शिवलीला तेच सगळं कन्नडमध्ये सांगायची, घरच्या बोलीत, अडखळत, कारण मांजर व्याली याला बातम्यांच्या कन्नडमध्ये काय म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं. अजीजाला कन्नड येत नव्हतं तरी ती डोळे मिटून ऐकायची. दोन्ही आवाज भिंतीवरून फिरून परत यायचे, जरा जाड होऊन, जणू कुणी मोठ्या बायका बोलताहेत. शिवलीलानं कूस बदलली. तिला वाईट वाटत होतं ते ठीक होतं, पण त्याच्या खाली दुसरंच काही होतं. इतकी वर्षं ती या हौदावाचून जगली होती. भूगोल शिकवला, मुख्याध्यापिका झाली, दोन मुलं वाढवली, सासूचं आजारपण काढलं, आणि कुठंही काही कमी पडल्यासारखं वाटलं नाही. कुणी विचारलं असतं, लहानपणी कुणाशी खेळायचीस, तर तिनं बहुधा चुलत बहिणींची नावं सांगितली असती. एवढी मोठी वस्तू घरातून जाते आणि घरच्यांना पत्ता लागत नाही, याचीच तिला भीती वाटली.

समितीचं काम तिच्याकडे आलं ते मल्लिनाथमुळे. मल्लिनाथ तिचा जुना विद्यार्थी, नव्या पेठेत त्याचं औषधांचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की फोनवर काहीतरी करत बसायची त्याला सवय, त्यातून त्यानं वर्गमित्रांसाठी 'आमचं जुनं सोलापूर' नावाचा ग्रुप काढला आणि बघता बघता त्यात अर्ध्या गावाएवढी माणसं जमली. सोलापुरातली कमी, सोलापूर सोडून गेलेली जास्त. लोक जुने फोटो टाकायचे, गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यांबद्दल लिहायचे, गिरणीचा भोंगा आठवून गहिवरायचे आणि त्यावरूनच एकमेकांच्या उरावर बसायचे. जुन्या आठवणींवरून माणसं इतकी भांडतील असं मल्लिनाथला वाटलं नव्हतं. फोटोतली म्हातारी कुणाची आजी, यावरून दोन घराणी तीन आठवडे भांडली होती. शेवटी तो तिच्याकडे आला. "बाई, तुम्ही शाळेत आमची भांडणं कशी मिटवायचा? दोघांना समोर बसवून आधी पाणी प्यायला लावायचा. तसंच करायचंय." समितीत तिसरे जोतिराम, नातेपुत्याकडचे, कोर्टात शिरस्तेदार होते, निवृत्तीनंतर लेकाकडे जुळे सोलापूर वसाहतीत राहायला आलेले. समितीच्या उत्तराखाली कुणाचंही नाव घालायचं नाही, नुसतं 'समेट समिती' लिहायचं, हा नियम त्यांचा. नाव घातलं की लोक घरी येतात, असं त्यांचं म्हणणं. प्रभुलिंगला या सगळ्याची गंमत वाटायची. चादरींच्या दुकानातून जेवायला आला की तो विचारायचा, "आज कुणाला फाशी दिली?" शिवलीलाला मात्र ते काम आवडायचं. फक्त एक झालं होतं. भांडणं वाचता वाचता तिनं ग्रुपवरचं बाकी काही वाचायचं सोडून दिलं होतं. लोकांच्या आठवणी तिच्यापर्यंत यायच्या त्या मोडतोड झाल्यावरच, पुरावा म्हणून. अजीजाच्या नावावरच्या पोस्टी कित्येक महिने हजारो लोक वाचत होते. तेवढ्या लोकांना तो हौद ठाऊक झाला होता आणि ती वरच्या पायरीवर बसून कुणी कुणाला 'बावळट' म्हटलं त्याचा निवाडा करत होती.

रविवारी तिघं फोनवर समोरासमोर बसले. तोवर तौहीदचं आणखी एक पत्र आलं होतं, ते मल्लिनाथनं वाचून दाखवलं. बाकीच्या पोस्टी एकवेळ राहू देत, त्यानं लिहिलं होतं, पण आमच्या अब्बांबद्दल जे लिहिलंय ते आजच्या आज काढा. ते खोटं आहे, आणि ते लिहिणारा माझा मेहुणा आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. मल्लिनाथनं ती पोस्टही वाचली. 'गिरणीतून काढलं तरी अब्बा रोज डबा घेऊन भाईर पडायचे आणि किल्ल्याच्या बागेत बसून राहायचे. घरात कुणाला सांगितलं न्हाय. मी एकदा शाळेतनं येताना बघितलं.' त्या पोस्टमध्ये मैत्रिणीचा उल्लेख नव्हता. पण त्या दिवशी शाळेतून येताना अजीजा एकटी नव्हती. शिवलीला म्हणाली, "या तक्रारीत मी बसणार नाही. ही बाई माझी मैत्रीण होती." मल्लिनाथ काहीतरी सांत्वनाचं बोलायला लागला. जोतिराम मात्र लगेच म्हणाले, "मग बाई, तुम्ही साक्षीदार झालात. निवाडा आम्ही दोघं करू. आणि खरं सांगायचं तर त्यात निवाडा करण्याजोगं काही नाही. मेलेल्या माणसाचं खातं दुसऱ्यानं चालवायचं नाही. आज हे गोड लिहितंय, उद्या कुणी मेलेल्याच्या नावानं शिव्या देईल, मग काय करणार?" "पण काका, लोकांचा जीव आहे हो त्या बाईवर," मल्लिनाथ म्हणाला. "त्या बाईवर नाही," जोतिराम म्हणाले, "ती बाई नाहीच आहे." त्यात कठोर असं काही नव्हतं, तरी शिवलीलानं तिथंच हात वर करून दोघांना थांबवलं. ती म्हणाली, "दोघांचं म्हणणं तर ऐकायला पाहिजे. ऐकून मी येते. ठरवा तुम्ही."

नई जिंदगी या वस्तीत अजीजाच्या नवऱ्याचं, बडेसाबचं घर सापडायला वेळ लागला नाही. दारावर हिरवा रंग नुकता दिलेला, आत एक खाट, एक कपाट, खिडकीत पुदिन्याची कुंडी. माणूस उंच, वाकलेला, पांढरी दाढी. जन्मभर मालट्रक चालवलेल्या माणसासारखा एक खांदा जरा खाली. "मी समितीकडनं आलेय," ती म्हणाली, "शिवलीला हत्तुरे." "या की. तौहीदनं लिवलं असंल तुमाला." त्यानं काहीच लपवलं नाही. खातं अजीजाचंच होतं, तिनंच उघडलेलं, पण जिवंत असताना तिनं एक ओळ लिहिली नव्हती, नुसती वाचायची. "मला नीट लिवाया येत न्हाय. फोनमदी बोलतो, त्यो लिवतो. चुकलं तर परत बोलतो. मी मैंदर्गीचा, बाई. सोलापूरचं मला काय ठाव? समदं तिनंच सांगितल्यालं. मी गाडीवर असायचो, लई लई दिवस. घरी आलो की ती बोलायची आन् मी हितं पडून ऐकायचो. ती गेल्यावर घरात काय आवाजच उरला न्हाय. मग एकदा फोन हातात घिऊन तिच्यावानी बोललो. म्हटलं, उन्हाळ्यात आमच्या चाळीच्या गच्चीवरचा हौद. तर फोननं बराबर लिवलं की. लोकांनी इचारलं, ताई, पुढं काय झालं? आता ताईला इचारल्यावर उत्तर द्याया नको?" शिवलीलानं विचारलं, "त्या हौदातली मैत्रीण कोण, हे सांगितलं होतं त्यांनी?" "व्हय की. शिव्वू. कोऱ्यांची. पार्सल हापिसातल्या कोऱ्यांची थोरली." ती हाक तिला कुणी मारून किती काळ लोटला होता! आईनंसुद्धा कधी तसं म्हटलं नव्हतं, ते फक्त अजीजाचं होतं, आणि आता ते एका म्हाताऱ्या, खरबरीत आवाजातून आलं. "मीच ती," शिवलीला म्हणाली. बडेसाबनं तिच्याकडं बघितलं. मग उठून आत गेला, तांब्याभर पाणी आणि पेला घेऊन आला, तिच्यासमोर ठेवला आणि उभाच राहिला. "तिनं तुमाला लई हुडिकलं," तो म्हणाला. "त्याच्यापायी तर त्या ग्रुपात आली. कोरे, कोरे म्हनून रोज बघायची. तुमी हत्तुरे झालाव."

समितीच्या सूचना मात्र अजीजा न चुकता वाचायची, हेही त्यानं सांगितलं. वाचून त्याला ऐकवायची आणि हसायची. म्हणायची, हे लिवनारी मास्तरीण असनार बघा, भांडनाऱ्यांस्नी 'कृपया' कसं म्हनतीया. शिवलीलानं पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. म्हणजे अजीजा तिला वाचत होती. नाव नसलेल्या ओळींतून तिनं तिचा पेशा ओळखला होता, तिचा स्वभाव ओळखला होता, फक्त ती ओळखली नव्हती. नई जिंदगी आणि शिवलीलाचं घर, मध्ये रिक्षाचा एवढासा प्रवास. आठवड्याच्या भाजीला दोघी त्याच लक्ष्मी मार्केटात जात असणार, एकाच गाड्यावरची कोथिंबीर दोघींनी उलटसुलट करून बघितली असणार. अब्बांची नोकरी गेल्यावर बागवानांनी चाळ सोडली आणि विजापूर वेशीत एका खोलीत गेले, तेव्हा दोघी आठवीत होत्या. भांडण नाही, ताटातुटीचं रडणं नाही, काही नाही. जाताना अजीजा म्हणाली होती, रविवारी येते. एकदोनदा आलीही. मग शाळा वेगळ्या, मग लग्नं. एखादं बी वाऱ्यानं उडावं तसं ते झालं होतं, कुणाच्या हातून काही सुटलं असंही नाही. तिनं बडेसाबला अब्बांच्या पोस्टबद्दल विचारलं. तो खाटेवर बसला. "ते मला एकदाच सांगितलं तिनं, आजारपनात. सांगताना रडली न्हाय, हसत हुती. मला वाटलं, ह्यात बापाचं चांगलंच हाय. घरच्यांस्नी भ्या वाटू नये म्हनून मानूस डबा घिऊन भाईर पडतो, ह्यात वाईट काय, तुमीच सांगा? ते लिवलं तवापासनं तौहीद फोन उचलत न्हाय. मातीला खांदा दिला त्यानं माझ्याबरोबर, आन् आता रस्त्यात दिसला तर तोंड फिरवतो." मग तो हळूच म्हणाला, "आन् बंद करायचं म्हनलं तर करा. पर बाई, मग मी बोलू कुनाच्या नावानं?"

तौहीदचं दुकान विजापूर वेशीकडे, रिक्षा आणि मोटारसायकलींची सीटं शिवायचं. रेक्झिनचा आणि चिकटवायच्या सोल्यूशनचा वास बाहेर रस्त्यापर्यंत येत होता. तो पन्नाशी ओलांडलेला, जाड चष्म्याचा माणूस होता, आणि शिवलीलाला त्याच्या चेहऱ्यात काही केल्या तो शेंबडा पोर सापडेना, जो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून मलाही वर न्या म्हणून रडायचा. "मॅडम, समितीचं काय ठरलं?" त्यानं हातातलं काम न थांबवता विचारलं. "तौहीद, मी शिवक्का." सुई थांबली. "वरच्या मजल्यावरची?" "हो." मग त्यानं स्टुलावरचे रेक्झिनचे तुकडे बाजूला केले, स्टूल पुसलं आणि ती बसल्यावर स्वतः गठ्ठ्यावर टेकला. इकडचं तिकडचं काही बोलला नाही. "अक्का, आमचे अब्बा जॉबर होते. ते गिरणीच्या खात्यात शिरले की लोक उभे राहून सलाम करायचे, मी बघितलंय. आणि हा ट्रकवाला माणूस साऱ्या जगाला सांगतोय की ते बागेत बसून दिवस काढायचे. हजार लोकांनी खाली रडके चेहरे लावले. माझ्या अब्बांवर लोकांनी दया करायची?" चष्मा काढून त्यानं शर्टाला पुसला. "तुम्ही अजीजाआपाच्या जवळच्या होता. तुम्ही सांगा. झूठ आहे ना हे?"

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. अजीजा नव्हती, अब्बा नव्हते, बघणारी ती एकटी उरली होती, आणि समोरच्या माणसाला एवढंच हवं होतं. शाळेत असताना तिनं कितीतरी भांडणं अशा एका छोट्या खोट्यावर मिटवली होती, आणि त्यातून कुणाचं वाईट झालं नव्हतं. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, दुकानातली टांगलेली सीटं हलली, आणि तेवढ्या वेळात तिला बाग दिसली. शाळा लवकर सुटलेली दुपार. खंदकाच्या कडेनं दोघी चालल्या होत्या, अजीजा चिंचा खात होती आणि चिंचोके मुठीत जमवत होती. झाडाखालच्या बाकावर अब्बा बसले होते. पांढरा शर्ट, टोपी, मांडीवर डबा. समोर कुठंही न बघता बसले होते. घरी ते कधी तसे नुसते बसत नसत, काहीतरी दुरुस्त करत असत. "ते झूठ नाही, तौहीद," शिवलीला म्हणाली, "मी होते तिथं." ती बोलत राहिली, थांबली असती तर तिला परत सुरुवात करता आली नसती. "त्यांनी आम्हाला बघितलं. आम्ही वळून जाणार होतो, पण त्यांनीच हाक मारली. म्हणाले, आज गिरणी लवकर सुटली, या, भूक लागली असेल. डबा उघडला. भाकरी आणि अंबाडीची भाजी होती. त्यांनी सकाळपासून शिवली नव्हती. भाकरीचे तीन वाटे केले आणि मोठे दोन आम्हाला दिले. मला विचारलं, पार्सल ऑफिसात आंबे आले का, तुझ्या अण्णांना विचार. हसून बोलले. मग भोंगा झाला. गिरणी तेव्हा सुटली. त्यांनी डबा पुसून बंद केला, शर्ट झटकला, टोपी नीट केली. कामगारांची रांग रस्त्यानं यायला लागली होती, त्यांत ते मिसळले. एकदोघांनी त्यांना सलाम केला. त्यांनीही केला. ताठ चालत गेले. आम्ही मागून चाललो होतो, त्या गर्दीत ते कुठले ते मला ओळखू येईना." तौहीद खाली बघत होता. "आपा काय म्हणाली?" "घरी येईपर्यंत माझा हात धरून होती. दुसऱ्या दिवशी हौदात बसलो, तिनं घसा साफ केला. मग म्हणाली, कालची बातमी द्यायची नाही. मी म्हटलं, बरं." एक गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर चढलं. तौहीदनं मान वर न करता हातानं त्याला परत फिरवलं. "मेरेकू कोई नै बोल्या," तो म्हणाला. एवढंच, पण त्यात तो पाच वर्षांचा पोर एकदम सापडला. "आपाला ठाऊक. तुम्हाला ठाऊक. परक्या गावाहून आलेल्या दुल्हाभाईला ठाऊक. आणि मी इतकी वर्षं लोकांना सांगतोय, अब्बा शेवटच्या दिवसापर्यंत गिरणीत होते म्हणून." शिवलीलाला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण तो आता केस पिकलेला माणूस होता आणि बाहेर रस्ता होता. त्यानं चष्मा परत लावला आणि विचारलं, "सलाम केला ना लोकांनी? नक्की?" "नक्की," ती म्हणाली.

मल्लिनाथ आणि जोतिरामांनी जो निवाडा दिला तो नियमाप्रमाणेच होता. खातं ग्रुपमधून काढायचं, त्याबरोबर त्यावरच्या पोस्टीही जातील. बडेसाबला हवं तर त्यानं स्वतःच्या नावानं लिहावं. शिवलीला त्यात काही बोलली नाही, बोलायचा अधिकार तिनं स्वतःच सोडला होता, आणि जोतिरामांचं चुकलं असंही तिला म्हणता येईना. फक्त सूचना तुम्ही लिहा, असं दोघांनी तिला विनवलं. ती गच्चीवर जाऊन बसली. अजीजा मुजावर यांचं गेल्या वर्षी निधन झालं, तिनं लिहिलं. त्यांच्या आठवणी त्यांचे पती सांगत होते. कुणाची फसवणूक करण्याचा त्यांचा हेतू नव्हता. 'कृपया' या शब्दापाशी तिचा हात थांबला. गेल्या रमजानपर्यंत अशी ओळ कुणीतरी मोठ्यानं वाचून हसत होतं आणि आता कुणी हसणार नव्हतं. तिनं तो शब्द तसाच ठेवला आणि खाली, नियम मोडून, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट. जोतिरामांना ते दिसलं असणार, पण त्यांनी सूचना तशीच जाऊ दिली. लोकांनी खूप लिहिलं. काही रागावले, काही बडेसाबची बाजू घेऊन भांडले, बाकीचे हळहळले आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी टाकलेल्या टांग्याच्या फोटोकडे वळले. हौद आता पुन्हा कुणालाच ठाऊक नव्हता. बडेसाबला तिनं फोन केला तेव्हा तो म्हणाला, "माझ्या नावानं कशापायी लिवू, बाई? माझं काय हाय त्यात?" संध्याकाळी प्रभुलिंग तिच्याशेजारी येऊन बसला. नेहमीसारखी थट्टा केली नाही. "तू मला कधी सांगितलं नाहीस तिच्याबद्दल," तो म्हणाला. "मलाच ठाऊक नव्हतं," शिवलीला म्हणाली, आणि ते त्याला कसं समजावून सांगावं हे तिला कळेना.

मग एका सकाळी तौहीदचा फोन आला. आवाज घाईचा, जणू थांबला तर बोलणं राहून जाईल. "अक्का, चाळ होती ती जागा बघायला जायचंय. माझ्यानं एकट्यानं नीट आठवायचं नाही. याल? आणि दुल्हाभाईंना घेऊ म्हणतो. त्यांनी कधी बघितलं नाही. आपाला बघायला आले तेव्हा आम्ही वेशीतल्या खोलीत होतो." तो बडेसाबला स्वतः जाऊन घेऊन आला. रिक्षातून उतरताना त्यानं मेहुण्याचा हात धरला, आणि उतरल्यावरही तो सोडला नाही. दोघं काय बोलले होते, काही बोलले होते की नाही, हे शिवलीलानं विचारलं नाही. चाळीच्या जागी चार मजली इमारत होती, खाली मोबाइलची दुकानं, मागं गाड्या लावायची मोकळी जागा. बडेसाब इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. गाड्यांच्या मधून तो जपून चालत होता, जणू कुणाच्या घरात बूट घालून शिरलाय. "जिना हितं का?" त्यानं विचारलं. "इथं," शिवलीला म्हणाली आणि एका पांढऱ्या मोटारीकडे बोट दाखवलं. "नाही, अक्का, तिकडं," तौहीद म्हणाला, "नळ इकडं होता ना, मग जिना भिंतीच्या बाजूला. मी पडलो होतो त्यावरून, मला ठाऊक नसणार?" "नळ इकडं नव्हताच, नळाच्या जागी तुझ्या अम्मीची तुळस होती." "अम्मीची तुळस? ती तुमच्या आईची!" "माझ्या आईची वर होती, तुझ्या अम्मीनं तिचंच रोप नेलेलं." दोघांचे आवाज चढले. बडेसाब मध्ये उभा राहून एकदा इकडं बघायचा, एकदा तिकडं, आणि जो जिथं बोट दाखवील तिथं दोन पावलं जाऊन उभा राहायचा, डोकं वर करून, जणू तिथून कुणी गच्चीवर दिसेल. शिवलीलाच्या लक्षात आलं की आपण भांडतोय, आणि हे भांडण मिटावं असं आपल्याला मुळीच वाटत नाही. ऊन चढत होतं. इमारतीचा वॉचमन बराच वेळ खुर्चीवरून या तीन म्हाताऱ्या माणसांकडे बघत होता. शेवटी तो उठून आला. "काय पाहिजे? कुणाकडं आलाय?" तौहीद उत्तर शोधायला लागला, शिवलीलाही. बडेसाबनं शर्टाची कॉलर सारखी केली.

"सासुरवाडीला आलोय," तो म्हणाला.